आरव्हीच्या गॅसवर ग्रिल मंद जळतं किंवा नळीपाशी वास येतो: कुठे आणि काय तपासायचं

अमेरिकेत उन्हाळ्यात आरव्ही (राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन कॅम्पग्राउंडवर जाणाऱ्या मंडळींची एक तक्रार दर मोसमात ऐकू येते. घरी बॅकयार्डमध्ये जोमात चालणारं छोटं ग्रिल आरव्हीच्या बाजूच्या गॅस पॉइंटला जोडलं की मेणबत्तीसारखं जळतं. कणसांना डाग पडत नाहीत, भरताचं वांगं भाजण्याऐवजी नुसतं शिजतं. मग कुणीतरी सुचवतं, "ग्रिलचा रेग्युलेटर काढून टाक." तो काढला की ग्रिल झकास चालतं. पुढच्या मुक्कामी तेच ग्रिल दुसरं कुणीतरी वेगळ्या नळीने थेट सिलिंडरला जोडतं आणि पेटवताना ज्वाळा हातभर वर येते.

दोन्ही प्रकारांचं कारण एकच आहे. सिलिंडरपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत रेग्युलेटर नेमका कुठे आहे, हे न बघताच नळी जोडली गेलेली असते.

भारतातल्या घरगुती सिलिंडरला रेग्युलेटर टाकीच्या तोंडावरच बसतो. ओट्याखालच्या नळीत कायम कमी दाबाचाच गॅस असतो, त्यामुळे सगळ्या नळ्या सारख्याच असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. आरव्हीच्या मुक्कामावर मात्र दोन वेगवेगळ्या जातीच्या नळ्या एकाच खोक्यात पडलेल्या असतात.

पहिली कमी दाबाची. आरव्हीचा स्वतःचा रेग्युलेटर दोन टप्प्यांत दाब उतरवतो: सिलिंडरमधून आलेला गॅस आधी साधारण १० ते १५ पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) आणि मग ११ इंच वॉटर कॉलमवर (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजलेला दाब), म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआयवर. आतली शेगडी, फ्रिज, फर्नेस (गाडी उबदार ठेवणारा हीटर) आणि बाहेरचा क्विक कनेक्ट (प्लग नुसता ढकलून जोडायचा) पॉइंट सगळे याच दाबावर चालतात.

दुसरी जास्त दाबाची, म्हणजे ॲडॉप्टर होज. तिचं एक टोक थेट सिलिंडरला आणि दुसरं ग्रिलवरच्या रेग्युलेटरला. या गॅसची, म्हणजे प्रोपेनची, एक पौंडाची हिरवी बाटली ग्रिलच्या ज्या आट्यांवर बसते, तिथेच ही नळी बसते. या नळीत सिलिंडरचा पूर्ण दाब असतो. बाहेर ३८ अंश सेल्सिअस असेल तर तो सुमारे १७० पीएसआय भरतो, म्हणजे पहिल्या नळीच्या चारशे पट. कमी दाबाच्या नळीला भेग पडली तर वास येईल. हिला पडली तर गॅसचा फवारा उडेल.

टोकं बघून नळ्या ओळखता येतात. एका टोकाला मोठा काळा किंवा हिरवा प्लास्टिकचा नट आणि दुसऱ्या टोकाला एक पौंडी बाटलीसारख्या बाहेरच्या आट्या असतील तर ती जास्त दाबाची. एका टोकाला गुळगुळीत पितळी किंवा स्टीलचा प्लग, जो सॉकेटमध्ये ढकलला की "कट्" होतो, तो असेल तर कमी दाबाची. पण बाजारात सगळ्या प्रकारची टोकं जोडलेल्या नळ्या मिळतात, म्हणून फक्त टोकावर भिस्त ठेवू नका. वेष्टणावरचा छाप वाचा. चांगल्या जास्त दाबाच्या नळीवर एलपी-गॅस हे शब्द, ३५० पीएसआयचा कमाल कार्यदाब आणि बहुधा उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं. काहीच छापलेलं नसेल तर ती नळी गॅससाठी वापरू नका, मग ती कितीही जाडजूड दिसो. हवेच्या कॉम्प्रेसरची नळी तर नाहीच नाही. आतलं रबर प्रोपेनसाठी बनवलेलं नसतं.

दोन्ही नळ्या जवळ असतील तर दोन रंगांच्या टेपने दोन्ही टोकांवर खूण करा. एवढ्या एका खुणेने निम्मे घोटाळे टळतात.

ज्योत मंद: पहिला संशय दोन रेग्युलेटरचा

आरव्हीच्या पॉइंटवर दाब आधीच ११ इंचांवर उतरलेला असतो. पुढे ग्रिलवरचा रेग्युलेटर तसाच ठेवला तर त्याच्याकडे उतरवायला दाबच उरत नाही. त्याचा स्प्रिंग आणि पडदा बाटलीच्या शंभर-दीडशे पीएसआयसाठी बनवलेला. अर्ध्या पीएसआयलाही तो थोडा अडवतोच आणि बर्नरपर्यंत त्याहून कमी गॅस जातो. ग्रिल बिघडलेलं नसतं, नळीही तुंबलेली नसते. या जोडणीत जोरदार ज्योत मिळणारच नाही.

मार्ग तीन आहेत, आणि आमच्या मते ते याच क्रमाने बघावेत.

सर्वांत सरळ: आरव्हीचा पॉइंट विसरा. २० पौंडी वेगळा सिलिंडर आणा, प्रमाणित ॲडॉप्टर होज घ्या, ग्रिलचा रेग्युलेटर ग्रिलवरच राहू द्या. ग्रिल ज्या दाबासाठी बनलं आहे तोच दाब त्याला मिळतो. २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन प्रोपेन बसतं. छोट्या ग्रिलला लाँग वीकेंड काढूनही ते उरतं.

दुसरा: आरव्हीच्या सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मध्ये चार तोंडांचा पितळी टी बसवा. त्यातलं एक तोंड एक पौंडी बाटलीच्या आट्यांचं असतं, तिथून जास्त दाबाची नळी थेट ग्रिलकडे जाते. ज्या मोटरहोममध्ये टाकी गाडीलाच पक्की बसवलेली असते, काढून आणता येत नाही, तिथे हाच उपाय खरा. टी बसवणं हे भाड्याच्या गाडीत करायचं काम नाही.

तिसरा: ग्रिलचा रेग्युलेटर काढून आरव्हीच्या कमी दाबावर चालवणं. हे तेव्हाच करा, जेव्हा ग्रिलच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी तसं किट दिलेलं असेल किंवा पुस्तिकेत ११ इंचांवर चालवायला परवानगी असेल. बर्नरच्या जेटचं भोक ठरावीक दाबासाठी पाडलेलं असतं. काही कॅम्प स्टोव्हचा रेग्युलेटर मुळातच कित्येक पीएसआय सोडतो आणि त्यांची जेटं बारीक असतात. तसा स्टोव्ह ११ इंचांवर जोडला तर रेग्युलेटर असो वा नसो, ज्योत केविलवाणीच राहणार. आणि रेग्युलेटर काढलेल्या ग्रिलवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: "फक्त आरव्ही पॉइंट". असं ग्रिल ॲडॉप्टर होजने सिलिंडरला जोडलं की नॉबच्या व्हॉल्व्हवर शंभराहून जास्त पीएसआय येतो. ती हातभर ज्वाळा अशीच येते.

थोडक्यात, ग्रिलला स्वतःचा रेग्युलेटर असेल तर गॅस सिलिंडरच्या बाजूने घ्या, नसेल तर आरव्हीच्या पॉइंटवरून.

जोडणी बरोबर, तरी ज्योत मंद

वेगळ्या सिलिंडरवर ग्रिल पेटतं, पण थर्मामीटरचा काटा २५०-३०० फॅरनहाइटपाशी अडकून बसतो. इथे बहुतेक वेळा सुरक्षेची झडप अर्धवट बंद झालेली असते. सिलिंडरच्या मोठ्या नटमध्ये जादा प्रवाह रोखणारी यंत्रणा असते. नळी तुटली तर गॅस भळाभळा बाहेर पडू नये म्हणून ती वाट अडवते आणि अगदी बारीक प्रवाह सोडते. ग्रिलचा नॉब उघडा ठेवून सिलिंडर उघडला, किंवा सिलिंडरचं चाक झटक्यात पूर्ण फिरवलं, तर रिकाम्या नळीत धावणारा गॅस तिला तुटलेल्या नळीसारखाच वाटतो. नळी लांब असेल तर हे जास्त होतं.

उलगडा असा: सिलिंडर बंद करा. नट सोडवून नळी मोकळी करा. आसपास ज्योत नाही ना हे बघून ग्रिलचे सगळे नॉब दोन मिनिटं पूर्ण उघडे ठेवा, झाकणही उघडं. मग नॉब बंद करा. नट पुन्हा हातानेच घट्ट बसवा. सिलिंडरचं चाक पाव फेऱ्याने, सावकाश उघडा आणि नळी भरेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. मग चाक आणखी उघडा, नॉब फिरवा, पेटवा. पुन्हा तसंच झालं तर नळीत खरंच गळती असू शकते, त्यामुळे पुढची साबणाची चाचणी केल्याशिवाय पेटवू नका.

नटचा रंगही महत्त्वाचा. काळा नट ताशी सुमारे १,००,००० बीटीयूपर्यंतचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) प्रवाह देतो, हिरवा २,००,०००. साध्या ग्रिलला काळा पुरतो. आरव्हीच्या सिलिंडरवर मात्र फर्नेस, वॉटर हीटर, शेगडी असं सगळं एकदम चालतं, म्हणून तिथे हिरवा असतो. बदलताना कुणी काळा बसवला असेल तर फर्नेस चालू होताच बाहेरचं ग्रिल मंदावतं.

थंडीही एक कारण. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे गारठ्यात ते गोठून बसत नाही, पण दाब खूप उतरतो. उणे १८ अंशांना तो पंचवीस पीएसआयच्या आसपास येतो. तळाशी थोडाच गॅस उरलेला सिलिंडर, मोठा तवा आणि कोलोराडोतली ऑक्टोबरची संध्याकाळ असा योग आला की सिलिंडरला बाहेरून दव किंवा बर्फ धरतं आणि ज्योत खाली बसते. उपाय म्हणजे भरलेला किंवा मोठा सिलिंडर. गरम पाणी ओतणं, हीटर लावणं, ब्लँकेट गुंडाळणं हे नको.

ज्योत पिवळी, काजळी धरणारी असेल तर बर्नरच्या तोंडाची वेंच्युरी नळी (जिथे गॅसमध्ये हवा मिसळते) तपासा. प्रोपेनच्या वासाने कोळी तिथे जाळं करतात. पाइप क्लीनरने साफ केली की काम झालं.

आणि एक कमी माहीत असलेलं कारण. स्वस्त रबरी ॲडॉप्टर होजमध्ये बाटलीच्या पूर्ण दाबाचं प्रोपेन तासन्‌तास राहिलं की ते रबरातलं प्लास्टिसायझर (रबर लवचीक ठेवणारं द्रव्य) विरघळवून बाहेर काढतं. हे चिकट, पिवळसर-हिरवट तेल गॅसबरोबर पुढे जाऊन रेग्युलेटरमध्ये आणि जेटमध्ये साचतं. ग्रिल एका मोसमात हळूहळू मंदावलं असेल, तर सिलिंडर बंद करून नळी सोडवा आणि ग्रिलकडचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवा. तेलकट डाग उमटला की रोग सापडला. नळी फेकून द्या आणि प्लास्टिसायझरमुक्त असं स्पष्ट लिहिलेली घ्या. रेग्युलेटर आत तेलाने माखला असेल तर तोही बदला, तो धुवून परत लावायची वस्तू नाही. काम झालं की सिलिंडर बंद करून नळीतला गॅस जाळून टाकण्याची सवय लावली तर तेल बरंच कमी येतं.

वास किंवा फुसफुस

काडी ओढून गळती शोधायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती सोडा. भांडी धुण्याचा साबण आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारणीच्या बाटलीत भरा. साबणात अमोनिया नको, त्याने पितळेला तडे जातात. ग्रिलचे नॉब बंद, आजूबाजूला ज्योत आणि सिगारेट नाही, सिलिंडर उघडा. मग सिलिंडरच्या नटपासून सुरू करून ग्रिलपर्यंत प्रत्येक जोड भिजवा: नट, नळीची दोन्ही दाबलेली टोपणं, रेग्युलेटरचे दोन्ही जोड, क्विक कनेक्टची बाही, नॉबचा देठ. फुगे वाढत गेले तर गळती आहे. एकदाच उठून विरलेला फेस म्हणजे गळती नव्हे. संशयाच्या जागी मिनिटभर टक लावून बघा, बारीक गळती सावकाश फुगते.

नळी फक्त भिजवू नका, वाकवूनही बघा. टोपणापासून पहिल्या दोन-तीन इंचांत ती सगळ्यात जास्त दुमडते आणि भेगा तिथेच पडतात. सरळ नळीत न दिसणाऱ्या केसाएवढ्या भेगा बोटांत वाकवली की उघडतात. फुगवटा, चपटेपणा, वितळलेला चट्टा, उंदराचे दात, यांतलं काहीही दिसलं तर नळी बदला. स्टीलच्या जाळीची नळी मजबूत असते खरी, पण आतलं रबर दिसत नाही. जाळीची एकच तार तुटून टोचायला लागली तरी ती बाद समजा. भारतातल्यासारखं खराब तुकडा कापून क्लॅम्प आवळायचा उद्योग इथे चालत नाही. ही टोकं कारखान्यात दाबूनच बसवलेली असतात. चिकटपट्टीचं तर नावच नको. उन्हात राहणारी नळी पाच वर्षांनी, दिसायला चांगली असली तरी, बदलावी असं आमचं मत.

जोडांवर टेप लावण्यात बराच गोंधळ असतो. मोठा प्लास्टिकचा नट हातानेच आवळायचा, पाना आणि टेप दोन्ही नाही. जुन्या पद्धतीच्या पीओएल नटच्या आट्या उलट्या असतात, डावीकडे फिरवला की घट्ट होतो, आणि तो पान्यानेच आवळायचा. फ्लेअर जोड शंकूसारख्या पितळी तोंडांवर बसतो. टेप लावली तर तोंडं नीट टेकत नाहीत आणि उलट गळती सुरू होते. टेप फक्त निमुळत्या पाइप-आट्यांना लावायची, तीही गॅससाठीची पिवळी. नळाला लावायची पातळ पांढरी नको.

क्विक कनेक्टला वास येत असेल तर आधी आत डोकावा. टोपी न लावलेल्या सॉकेटमध्ये धूळ आणि किड्यांची घरटी असतात, ओ-रिंग कापली जाते. सॉकेट आरव्हीकडे, प्लग नळीकडे, अशीच मांडणी असावी. प्लग "कट्" होऊन बसत नसेल तर जोर लावू नका, बहुधा प्लगचा आकार चुकलेला असतो. पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची अशा दोन्ही जाती बाजारात आहेत.

नळी कुठून न्यायची

आरव्हीच्या ज्या बाजूला गॅस पॉइंट असतो, त्याच बाजूला बरेचदा फर्नेसचं आणि वॉटर हीटरचं धुराडं असतं. पॉइंटला जोडताना ते गार असतं. रात्री आत कुणी थर्मोस्टॅट वाढवला की तिथून तापलेली वाफ निघते आणि जवळून गेलेली नळी मऊ पडते. म्हणून नळी आधी सरळ खाली जमिनीवर सोडा आणि मग बाहेर वळवा. स्लाइड-आउटच्या (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आणि लेव्हलिंग जॅकच्या (गाडी समपातळीत ठेवणारे टेकू) खालून नको, ग्रिलच्या चरबीच्या ट्रेखालून नको, शेकोटीच्या बाजूने नको. मुलं धावतात त्या वाटेवरही नको.

ग्रिल गाडीपासून आणि ऑनिंगपासून (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) निदान दहा फूट दूर असावं, म्हणून नळी बारा फुटांची घ्या. कमी दाबाच्या बाजूला लांब आणि अरुंद नळीत दाब आणखी पडतो. ८,५०० बीटीयूच्या छोट्या ग्रिलला ते जाणवत नाही, २४,००० च्या तव्याला जाणवतं, तिथे तीन अष्टमांश इंची नळीच हवी. दोन नळ्या जोडून लांबी वाढवू नका. पाऊस आला म्हणून ग्रिल ऑनिंगखाली किंवा आत न्यायचं नाही. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका आहे. सिलिंडर कायम उभाच ठेवा. आडवा झाला तर द्रवरूप गॅस नळीत शिरतो आणि बर्नर भडकतो.

बंद करताना क्रम उलटा: आधी सिलिंडर किंवा क्विक कनेक्टची झडप, मग नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, शेवटी नॉब. नळी सोडवायची ती त्यानंतरच. टोप्या लावा.

वास जोरात असेल तेव्हा

प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतं, ते खाली, गाडीच्या पोटाखाली आणि सखल जागी साचतं. हवेत दोन टक्क्यांच्या वर गेलं की पेट घेऊ शकतं. आरव्हीतला गॅस डिटेक्टर जमिनीलगत असतो तो त्यामुळेच. सिलिंडर बंद करता येत असेल तर करा, कुठलंही बटण दाबू नका, सगळ्यांना वाऱ्याच्या उलट दिशेने दूर न्या आणि तिथून ९११ ला फोन करा. नळीच्या टोकाशी ज्योत धरली असेल तर गॅस बंद होत नसताना ती विझवायच्या भरीस पडू नका. विझलेल्या ज्योतीमागून गॅस येतच राहतो आणि पुन्हा भडकतो. अग्निशामक नळकांडं आरव्हीच्या दाराशी असतं. ग्रिल लावताना ते बाहेर हाताशी आणून ठेवा.

भाड्याची गाडी घेण्याआधी कंपनीला एवढं विचारून घ्या: बाहेर गॅस पॉइंट आहे का, त्याच्या प्लगचा आकार कोणता, आणि ग्रिल जोडायला करारात परवानगी आहे का. तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर गोलमोल आलं, तर वेगळा २० पौंडी सिलिंडर आणि आपली स्वतःची तपासलेली नळी घेऊन जा.